पामर घराणं, निजामाचं कर्ज आणि नळदुर्गची वाट

नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. त्या वेळी पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता कर्नल विल्यम पामर. नानांबरोबर मराठी राज्यातलं शहाणपण आणि नेमस्तपणाही संपला, अशा अर्थाचं मत त्यानं लिहून ठेवलं. मराठ्यांचा इतिहास थोडाफार वाचलेल्या प्रत्येकाच्या कानावरून ते गेलेलं असतं. पामर आपल्या पुस्तकांत त्या एका मतापुरता येतो आणि पुढच्या पानावर नाहीसा होतो. त्याचं घराणं मात्र नाहीसं झालं नाही. त्याचा मुलगा हैदराबादेत पेढी काढून निजामाचा सावकार झाला. त्या मुलाचा जावई तुळजापूरला पोलीस अधिकारी होता आणि पुढं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी झाला. इंग्रज बाप, दिल्लीची आई, हैदराबादेत वाढलेली नात, लिव्हरपूलचा नातजावई: तीन पिढ्यांची ही माणसं मराठवाड्याच्या जमाखर्चात पुरती गुंतलेली होती आणि आपल्याला त्यांची ओळखही नाही.

ती गुंतागुंत जागेवर जाऊन पाहावी म्हणून पाऊस ओसरल्यावर मी नांदेडहून निघालो. वाट सरळ आहे. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर आणि शेवटी नळदुर्ग. सोयाबीनची काढणी चालू होती आणि तूर अजून हिरवी होती.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकून मी बंदाघाटावर गेलो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथंच देह ठेवला. आजच्या गुरुद्वाऱ्याची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभी करवली. म्हणजे पामरची नात लग्न करत होती त्याच सुमारास इथं दगड घडवले जात होते. घाटावर पाणी बऱ्यापैकी होतं. पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय बघायलाव?" मी म्हटलं, "बाबा, या नदीतून कधी लाकूड वाहून नेत होते का?" ते म्हणाले, "नांदेडातून कशाचं लाकूड? लाकूड खाली, तेलंगणात. इथं काळी माती हाय."

बाबांचं बरोबर होतं. लाकूड खालीच होतं, नांदेडपासून कितीतरी दूर, गोदावरी दाट जंगलात शिरते तिथं. ते सागवान नदीतून समुद्रापर्यंत न्यायचं आणि कोरिंगा बंदरात जहाजं बांधायला विकायचं, असा बेत कर्नल पामरच्या हैदराबादच्या मुलानं, त्याचंही नाव विल्यम पामरच, १८१४ च्या सुमारास मांडला. हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल त्याच्या पाठीशी होता. नदी वाहतुकीची होईल, दोन राज्यांचा व्यापार वाढेल, असं कागदावर छान दिसत होतं. लाकडाच्या या धंद्याआडून जी पेढी उभी राहिली ती थोड्याच वर्षांत लाकूड विसरली आणि राज्याला व्याजानं पैसे देऊ लागली.

हा विल्यम पामर इंग्रज होता का? ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबानं नव्हता, आणि तिथूनच सगळं सुरू होतं. बाप विल्यम पामर वॉरन हेस्टिंग्जचा लष्करी चिटणीस, मग लखनौ, मग महादजी शिंद्यांच्या दरबारी आणि शेवटी पुण्यात वकील. पहिली बायको वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्स बेटावरची. तिच्या मुलांपैकी जॉन पुढं कलकत्त्याचा सर्वात मोठा व्यापारी म्हणून गाजला आणि १८३० मध्ये त्याचं दिवाळं वाजल्यावर सगळं कलकत्ता हादरलं. पण पामरचा खरा संसार झाला तो फैज बख्श या बाईशी. दिल्लीत वाढलेली, इराणी वळणाच्या खानदानी घरातली मुसलमान बाई. बादशहा शाह आलमनं तिला बेगमचा किताब दिला होता. १७८५ च्या सुमारास लखनौला काढलेलं या कुटुंबाचं एक मोठं तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पुरं झालेलं नाही, तरी त्यावर नजर खिळते. लाल डगल्यातला पामर, शेजारी जमिनीवर बसलेली दागिन्यांनी मढलेली फैज बख्श, तिच्या मांडीवर तान्हा हेस्टिंग्ज, बाजूला विल्यम आणि मेरी ही मुलं. साहेबानं ठेवलेली बाई, असा त्या चित्रात कुठंही भाव नाही. ते घर आहे. पामर शेवटपर्यंत तिच्याशी बांधलेला राहिला आणि तो १८१६ मध्ये बंगालमध्ये वारल्यावर ती हैदराबादला मुलाकडं येऊन राहिली. तिथंच १८२८ मध्ये वारली.

चित्रातला तो मुलगा, १७८० चा विल्यम, शिकायला विलायतेला गेला आणि परत आला तेव्हा काळ बदलला होता. आईबाप दोघंही युरोपियन नसतील तर कंपनीच्या फौजेत अधिकारी होता येणार नाही, असे हुकूम १७९० च्या दशकात निघाले होते. बापाच्या नोकरीचं दार मुलाला आईच्या रक्तामुळं बंद झालं. तो निजामाच्या फौजेत गेला, तिथं बरीच वर्षं राहिला आणि मग पेढीत शिरला. हैदराबादेतला रसेलच्या आधीचा इंग्रज रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक, त्याचं खैरुन्निसा बेगमशी झालेलं लग्न पुष्कळांना ठाऊक असेल. फैज बख्श खैरुन्निसेची मैत्रीण. पण कर्कपॅट्रिकची दोन्ही मुलं १८०५ मध्ये लहानपणीच विलायतेला पाठवली गेली आणि आईला पुन्हा दिसली नाहीत. पामरची मुलं इथंच राहिली, इथल्याच धुळीत मोठी झाली. वसाहतीच्या इतिहासात मला हा फरक फार मोठा वाटतो.

नांदेड सोडून लोह्याकडं लागल्यावर रस्ता हळूहळू वर चढतो आणि बालाघाटाची पठारं सुरू होतात. या बाजूला इंग्रज फौज आली ती १८१८ च्या आगेमागे. पेशवाई बुडाली तेव्हा निजामाच्या मुलखात नाईक, हटकर, देशमुख आपापल्या गढ्या धरून होते. त्यांतला सगळ्यात मोठा नौसाजी नाईक. हदगावच्या बाजूला नव्ह्याची त्याची गढी निजामाच्या नावानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमानं चालणाऱ्या पलटणींनी जानेवारी १८१९ मध्ये वेढली आणि महिनाअखेरीस तोफा डागून घेतली. आतली माणसं मोठ्या संख्येनं मारली गेली. नांदेड जिल्ह्यात आज नौसाजीचं नाव अभिमानानं घेतात, आणि ते योग्यच आहे.

माझ्या मनात दुसरा प्रश्न होता. त्या पलटणींचा पगार कोण देत होतं? फौज निजामाची म्हणायची, तिच्यावर हुकूम रेसिडेंटचा, आणि तिजोरीत तर खडखडाट. निजामाचा कारभार पाहणारा पेशकार चंदूलाल जिल्हे मक्त्यानं देत असे. मक्तेदार आधी पैसे भरायचा आणि मग रयतेकडून दामदुप्पट वसूल करायचा. तरी पगाराच्या तारखेला रोकड नसे. वऱ्हाड आणि औरंगाबादकडच्या या पलटणींचा पगार वेळेवर पोचावा म्हणून पामरची पेढी निजाम सरकारला पैसे देऊ लागली. व्याज शेकडा चोवीस-पंचवीस, आणि तारण जिल्ह्यांचा वसूल. आपल्याच गढ्यांवर चाल करून येणाऱ्या फौजेचा खर्च असा व्याजासकट आपल्याच काळ्या रानातून निघत होता.

अहमदपूरला चहा घेतला. चाकूर मागं पडलं आणि दुपारी लातूर आलं.

लातूरला गंजगोलाईत उभं राहिलं की सोळा बाजूंनी रस्ते येऊन मिळताना दिसतात. ही गोल बाजारपेठ निजामी राजवटीतच बांधून झाली. लातूर पहिल्यापासून व्यापाराचं गाव. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी इथपर्यंत आली आणि कापूस, तेलबिया, डाळी थेट बार्शी-कुर्डुवाडीला जाऊ लागल्या. मी आडत बाजारात गेलो. सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या, मापाडी, हमाल, भावाचा फळा. कट्ट्यावर बसलेल्या एका शेतकरी काकांना विचारलं, "काका, पट्टी हातात किती पडते?" ते म्हणाले, "आडत, हमाली, तोलाई जाते, त्याचं काही नाही. पण बियाण्याला उचल घेतलेली असते ना, ती आधी कापून घेतात. पेरायच्या आधीच माल विकलेला असतोय बघा."

पेरायच्या आधीच माल विकलेला. दोनशे वर्षांपूर्वी निजामाचं आख्खं राज्य याच अवस्थेत होतं, आणि त्याच्या समोर गादीवर बसला होता दिल्लीच्या बेगमेचा मुलगा.

पामरचे भागीदार पाहण्यासारखे आहेत. बंकटीदास हा गुजराती सावकार. सर विल्यम रंबोल्ड हा इंग्रज सरदारपुत्र. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जनं मुलीसारखी वाढवलेल्या एका मुलीशी त्याचं लग्न झालेलं होतं. हा हेस्टिंग्ज दुसरा, वॉरन हेस्टिंग्जशी त्याचा नात्याचा संबंध नाही. देशी राजांना युरोपियनांनी कर्ज देऊ नये असा पार्लमेंटचा १७९७ चा कायदा होता. १८१६ मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जनं पामर पेढीला त्यातून मोकळीक दिली. १८२० मध्ये साठ लाखांचं नवं कर्ज ठरलं. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून हैदराबादला आला आणि त्यानं वह्या तपासायला घेतल्या. साठ लाखांतले आठ लाख निजामाच्या हातात पडलेच नव्हते. ते पेढीचं बक्षीस म्हणून आधीच वजा झाले होते, आणि व्याज मात्र पूर्ण साठ लाखांवर. मेटकाफनं कलकत्त्याला कळवलं, लॉर्ड हेस्टिंग्ज दुखावला, लंडनपर्यंत चौकशी झाली. शेवटी १८२३ मध्ये कंपनीनं पामरचं देणं चुकतं केलं आणि त्या बदल्यात उत्तर सरकार या किनारी मुलखापोटी निजामाला दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश कायमची बंद झाली. पुढच्याच वर्षी पेढी बुडाली.

मेटकाफ साधू नव्हता. त्याला निजामाचं राज्य कंपनीच्या मुठीत हवं होतं आणि मधे कोणी स्वतंत्र सावकार नको होता. पामरवर त्याचा राग होता त्यात रंगाचा तिरस्कारही मिसळलेला असावा, असं मला वाटतं. पण त्यानं लिहिलेलं खोटं नव्हतं. विल्यम पामरच्या बाजूनं बोलणारे सांगतात की तो हैदराबादेत सगळ्यांचा आवडता होता, त्याच्या घरी विद्वानांची ऊठबस असे, कंपनीनं त्याच्या रक्तामुळं त्याच्यावर अन्याय केला. हे सगळं खरं मानूनही मी म्हणेन की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातून दुसऱ्यावर अन्याय होत नाही असं नाही. औशाच्या, उदगीरच्या, कंधारच्या कुणब्याला सावकाराची आई कोण होती याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याच्यापर्यंत फक्त मक्तेदाराचा शिपाई पोचत होता.

मेटकाफनं आणखी एक केलं. मक्तेदारांना आवर घालायला त्यानं निजामाच्या जिल्ह्यांवर इंग्रज देखरेख अधिकारी नेमले. त्यांतल्या एकाच्या हाताखाली तुळजापूरला आला फिलिप मेडोज टेलर. जन्म लिव्हरपूल, २५ सप्टेंबर १८०८. बापाचा धंदा बसलेला, म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडं पाठवलं. तो व्यापारीच डबघाईला आलेला निघाला. मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका नातेवाइकानं खटपट करून त्याला निजामाच्या फौजेत लावलं आणि १८२४ च्या अखेरीस तो औरंगाबादला रुजू झाला. ज्या मेटकाफनं पामरची पेढी मोडली त्याच्याच योजनेतून पामरच्या भावी जावयाला मराठवाड्यात पाय ठेवायला जागा मिळाली.

लातूरहून औसा वीस किलोमीटर. औशाचा भुईकोट खंदकाच्या आत बसलेला आहे आणि मलिक अंबरानं तो जिंकून घेतल्याची आठवण अजून सांगितली जाते. आत बुरुजावर गवत माजलं होतं आणि पोरं क्रिकेट खेळत होती. औसा आणि लातूरचा भाग निजामाच्या नळदुर्ग जिल्ह्यात, पुढं उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूरचा वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. म्हणून टेलरच्या गोष्टीला लातूरच्या माणसानं परकी समजू नये.

तुळजापूरला भवानीचं दर्शन घेतलं. नवरात्र जवळ आलं होतं, आराधी मंडळी परड्या घेऊन बसलेली, पोत पेटलेले. टेलर इथं आला तेव्हा विशीचाही नव्हता. मराठी आणि हिंदुस्थानी शिकला, घोड्यावरून गावंच्या गावं पालथी घातली. १८२९ मध्ये नवा निजाम नासिरुद्दौला गादीवर आला, त्यानं हे इंग्रज अधिकारी काढून घ्या असा आग्रह धरला आणि टेलरला तुळजापूर सोडावं लागलं. पुढं ठगांची प्रकरणं उघडकीला आली तेव्हा माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या घेण्याचं काम त्याच्याकडं आलं. त्यातून १८३९ मध्ये ठगाच्या जबानीची त्याची कादंबरी निघाली आणि तो विलायतेत एकदम प्रसिद्ध झाला. ठगांच्या टोळ्या आपण तुळजापुरात असताना आपल्या डोळ्यांसमोरून गेल्या असणार, याची रुखरुख त्याला आयुष्यभर राहिली.

पण मला त्याची खरी तुळजापूरची कादंबरी वाटते ती १८६३ ची 'तारा'. अफजलखान आणि शिवाजी महाराजांचा काळ, नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा मुलगी, आणि तिला सती जाण्यापासून वाचवणारा अफजलखानाचा मुलगा. आज वाचताना त्यात खटकण्यासारखं पुष्कळ आहे. मराठ्यांविषयी त्याची मतं साहेबाचीच आहेत. तरी देवळाचा परिसर, बालाघाटाच्या कड्यावरून खाली दिसणारा मुलूख, पुजाऱ्यांची घरं यांचं वर्णन इथं राहिलेल्या माणसाचं आहे. नंतरच्या 'सीता'मध्ये, १८७२ साली, त्यानं १८५७ च्या धामधुमीत एका इंग्रज अधिकाऱ्याचं हिंदू विधवेशी लग्न लावलं. उठावानंतर पंधरा वर्षांनी इंग्रज वाचकांसमोर असलं लग्न मांडायला धीर लागतो. तो धीर त्याला स्वतःच्या घरातून आला असावा, असं मी मानतो.

कारण १८३२ मध्ये टेलरनं हैदराबादेत विल्यम पामरच्या मेरी नावाच्या मुलीशी लग्न केलं होतं. फैज बख्श बेगमेची नात. हिंदुस्थानचा इतिहास, चालीरीती, दरबारी जुन्या गोष्टी यांची गोडी सासऱ्याच्या सहवासात वाढली, असं टेलर कृतज्ञतेनं सांगतो. मेरीबद्दल मात्र त्याच्या आत्मचरित्रात फार थोडं येतं. ती नळदुर्गला आलीच नाही, कारण त्याआधी काही वर्षं ती वारली होती. मुली विलायतेत वाढल्या. या सगळ्या घराण्यात पुरुषांची पत्रं, वह्या, पुस्तकं, चौकश्या भरपूर आहेत. बायकांचं म्हणून जे आहे ते म्हणजे लखनौचं ते अपुरं चित्र आणि थोडीफार पत्रं.

तुळजापूरहून नळदुर्गला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव. लोक खाली न उतरता पुढं जातात. बोरी नदीनं किल्ल्याला वळसा घातलाय आणि आदिलशाहीत तिच्यावर थेट किल्ल्याच्या तटाला जोडून बंधारा घातला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेल्या या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदीला पूर आला की नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं आणि आत सज्ज्यात उभं राहून ते समोरून पाहता येतं. बंधाऱ्यापलीकडं रणमंडळ. उपळी बुरजावर चढायला पायऱ्या उंच आहेत, पण वर गेल्यावर चारी बाजूंचा मुलूख पायाखाली येतो. तिथं दोन लांबलचक तोफा पडून आहेत. एका बाजूला नऊ पाकळ्यांसारखा नवबुरूज. दख्खनमध्ये इतकं नेटकं पाण्याचं आणि दगडाचं काम मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

टेलर इथं १८५३ मध्ये आला. कसा आला, ते समजून घ्यायला पुन्हा कर्जाकडं यावं लागतं. पामर पेढी बुडाली, पण पलटणी होत्या तशाच राहिल्या. कंटिंजंट नावाची ही फौज निजामानं पोसायची आणि चालवायची रेसिडेंटनं. पगार थकत गेला, कंपनी आपल्या तिजोरीतून भरत गेली आणि निजामाच्या नावावर मांडत गेली. मे १८५३ च्या तहात त्या थकबाकीपोटी आणि पुढच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गकडचा प्रदेश कंपनीच्या ताब्यात गेला. पामरचं कर्ज आणि हे कर्ज यांच्या वह्या वेगळ्या. पण दोन्हींचं मूळ एकच, त्या पलटणींचा पगार. सासऱ्यानं ज्या खर्चाला व्याजानं पैसे पुरवले, त्याच खर्चापायी गेलेल्या जिल्ह्याचा कारभार जावयाकडं आला. हे जुळवून कोणी केलेलं नाही. एका राज्याच्या गळ्यात न पेलणारी फौज बांधली की तीस-चाळीस वर्षांत काय होतं, ते या एका घरातून दिसतं, इतकंच.

टेलरनं नळदुर्गला चार वर्षं काढली. मुक्काम किल्ल्यातच. हाताखाली माणसं थोडी. त्यानं जमिनीची मोजणी सुरू केली, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर आकार ठरवायला घेतला, रस्ते काढले, रस्त्यांच्या कडेनं झाडं लावली. मक्तेदार गेला आणि आपण किती भरायचं हे शेतकऱ्याला आधी कळू लागलं. ही गोष्ट लहान नाही. साहेब म्हणून त्याच्या हेतूवर मी शंका घेऊ शकतो, पण बांधावर साखळी टाकून मोजलेलं रान आणि मक्तेदाराच्या मर्जीवरचा वसूल यांत कुणब्यानं काय निवडलं असतं याची शंका मला येत नाही. त्याच्याविषयी आपुलकी वाटण्याचं आणखी एक कारण आहे. तो निजामाच्या नोकरीतला, कंपनीच्या नियमित नोकरीतला नव्हे. त्यामुळं तेवढंच काम करणाऱ्या बड्या साहेबांपेक्षा पगार कमी, बढती कमी, पेन्शनचा भरवसा कमी. सासऱ्याला कंपनीनं आईवरून बाहेर ठेवलं, जावयाला नोकरीवरून. दोघांनी हैदराबादच्या राज्यात आसरा शोधला. एकानं तिथं व्याज घेतलं, दुसऱ्यानं मोजणी केली.

१८५७ मध्ये उत्तरेत आग लागली तेव्हा नळदुर्ग शांत राहिलं. टेलरला रेसिडेंटनं फौजेशिवायच वऱ्हाडात बुलढाण्याला धाडलं. पुढच्या वर्षी त्याला सुरपूरला जावं लागलं. तिथल्या ज्या राजाला त्यानं लहानपणापासून सांभाळलं होतं, तो व्यंकटप्पा नाईक उठला होता आणि पकडला गेला होता. राजानं कैदेत गोळी झाडून घेतली. टेलरच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख तेच असावं. १८६० मध्ये तो निवृत्त झाला. त्याच वर्षी नव्या तहानं नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही.

किल्ल्यात मला एक निवृत्त गुरुजी भेटले. शाळेच्या सहली घेऊन पुष्कळदा आलेले. टेलरचं नाव त्यांना माहीत होतं, पामरचं नव्हतं. मी थोडक्यात सांगितल्यावर म्हणाले, "सर, आमच्या पुस्तकात १८१८ नंतर एकदम मुक्तिसंग्राम येतोय. मधलं काहीच नाही." त्यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पेशवाई बुडाली तिथं आपला इतिहास पुण्या-मुंबईच्या वाटेनं निघून जातो. नांदेड, लातूर, धाराशिव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत दुसऱ्या राज्यात होते. त्या एकशेतीस वर्षांत इथं कोणी वसूल केला, कोणी मोजलं, कोणाची रानं गेली, कोणी कोणाशी लग्न केलं, हे आपण शिकवत नाही.

विल्यम पामर १८६७ मध्ये हैदराबादेत वारला, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन. टेलर दृष्टी अधू झालेली असताना १८७५ मध्ये निजामाचा दिवाण सालारजंग याच्या बोलावण्यावरून पुन्हा हैदराबादला आला, आणि परत जाताना १३ मे १८७६ रोजी फ्रान्समध्ये मेंटन इथं वारला. त्याचं आत्मचरित्र मुलीनं, अ‍ॅलिसनं, पुढच्या वर्षी संपादून छापलं. फैज बख्शच्या त्या पणतीमुळंच आपल्याला नळदुर्गची ही चार वर्षं वाचायला मिळतात.

साहेबाच्या घराण्याचा कागद इतका जपला गेला. आपल्या बाजूचा कागदही आहे. निजामी राजवटीची दप्तरं हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात फारसी आणि उर्दूत पडून आहेत, आणि गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांच्या घरांत मोडीचे रुमाल आहेत. नांदेडच्या आणि लातूरच्या महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे: इतिहासाच्या मुलांना फारसी आणि मोडी शिकवा, दरवर्षी दोन-चार जणांना त्या दप्तरांपाशी पाठवा. व्याज कोणी घेतलं ते आपल्याला कळलं आहे. ते कोणत्या गावानं, कोणत्या शेतकऱ्यानं भरलं, त्यांची नावं अजून वाचायची आहेत.